जोडपं एक कोयता, खुनाचे हिशेब दोन

लातूरच्या एका शिक्षिका ताईंनी विचारलं आहे, "नवरा-बायको मिळून खून करतात तेव्हा बायको मनानं सामील असते की नवऱ्याच्या धाकानं? आणि घरात दोघंच असताना कुणी काय केलं हे कोर्ट ठरवतं तरी कसं?" अशा खऱ्या खुनांच्या कहाण्या त्या रात्री हेडफोन लावून ऐकतात. प्रत्येक कहाणीत बाई एक तर गरीब गाय असते नाही तर चेटकीण, हे त्यांना खटकतं.

ताई, खटकतंय ते बरोबरच आहे. मी बीड आणि अंबाजोगाईच्या कोर्टांत 27 वर्षं फौजदारी वकिली करतोय, बहुतेक वेळा आरोपीच्या बाजूनं. जोडप्यावरचे खुनाचे खटले संख्येनं थोडे असतात, पण डोक्यातून लवकर जात नाहीत.

आपल्याकडं ऊसतोडीला जाणारं जोडपं मुकादमाच्या वहीत 'एक कोयता' म्हणून लागतं. उचल एक, हिशेब एक, अंगठा बहुधा नवऱ्याचा. एकटा गडी गेला तर तो अर्धा कोयता. गुन्हा घडला की गावाच्या, पोलिसांच्या आणि पुष्कळदा आम्हा वकिलांच्याही डोक्यात हीच वही उघडते. दोघं एका घरात राहतात, एका ताटात जेवतात, म्हणजे केलं ते दोघांनीच. नाही तर उलटं, बाईला कुठं काय कळतंय, केलं ते नवऱ्यानंच. दोन्ही वेळेला आपण एकच हिशेब मांडतो. कोर्टात आधी तो कोयता मोडावा लागतो. दोन माणसं, दोन मनं, दोन वेगळे पुरावे. आणि ते वेगळे करताना दोघांतला जो आधी बोलला त्याच्या तोंडापेक्षा मागं राहिलेल्या वस्तूंकडं जास्त बघावं लागतं.

एक खटला सांगतो. गाव, नाती, एक-दोन तपशील मुद्दाम बदललेत, बाकी सगळं उघड्या कोर्टात आलेलं आहे. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणत होते, त्या 2016 च्या उन्हाळ्यातली गोष्ट. हंगाम संपवून परतलेलं जोडपं. उचल फिटली नव्हती. वसुलीला येणारा माणूस वेळी-अवेळी यायचा, नवरा नसताना जास्त. एक दिवस तो आला आणि परत गेलाच नाही. चौथ्या दिवशी शिवारातल्या कोरड्या विहिरीत प्रेत सापडलं. डोक्यात पहारीचा घाव.

ठाण्यात नवरा म्हणाला, "म्या एकल्यानं केलंय, तिला कायबी ठाव न्हाई." दुसऱ्या खोलीत बायको म्हणाली, "मीच मारलं, त्यो घरी नव्हता." पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, म्हणून दोन्ही बाद. आरोपीनं दाखवून दिलेली वस्तू मात्र चालते. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 27 चा पंचनामा तो हाच. 1 जुलै 2024 पासून नवा साक्ष अधिनियम लागू झाला तरी ही तरतूद कलम 23 मध्ये तशीच आहे. नवऱ्यानं कडब्याच्या गंजीतून पहार काढून दिली. घरझडतीत पत्र्याच्या पेटीत एक गोधडी सापडली, धुतलेली. सीए रिपोर्टात, म्हणजे सरकारी प्रयोगशाळेच्या रासायनिक तपासणीच्या अहवालात, लिहिलं होतं, मानवी रक्त, गट निश्चित नाही. धुतलेल्या कपड्याचं पुष्कळदा असंच होतं.

मी बायकोचा वकील होतो. सरकारी पक्षानं शेजारीण साक्षीला आणली. तिनं सरतपासात, म्हणजे सरकारी वकिलाच्या प्रश्नांना उत्तर देताना, सांगितलं, "टँकर आठ दिसाला यायचा. प्यायाला पाणी नव्हतं आन् हिनं चार घागरी घालून गोधडी धुतली. म्हणून ध्यानात राहिलं." एरवी गोधडी धुणं ही कुणाच्या लक्षात राहणारी गोष्ट नाही. दुष्काळामुळं तो पुरावा झाला.

ज्याचं उत्तर आपल्याला माहीत नाही तो प्रश्न उलटतपासात विचारायचा नसतो, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. तरी मी विचारला. पुरावाच मिटवायचा असता तर गोधडी चुलीत घालता आली असती, धुवून पेटीत कशाला ठेवली असती? शेजारीण माझ्याकडं बघतच राहिली. मग म्हणाली, "तिच्या मेलेल्या मायच्या लुगड्यांची हाय ती. कशी जाळंल?"

साक्षीच्या पिंजऱ्याजवळ गोधडी उलगडलेली होती. वरचा थर जांभळ्या इरकलीचा, कडेला बारीक टाके, मधोमध फिकट झालेला डाग. ती धुणारी बाई पुरावा लपवत होती की आईची शेवटची वस्तू वाचवत होती, यावर मी पाऊण तास युक्तिवाद केला. मला ती स्वतः काय बोलली ते इथं लिहिणार नाही. अशिलाचं खासगी बोलणं वकिलासोबतच जातं. निकालाकडं शेवटी येतो.

आता ताई ज्या गोष्टी ऐकतात त्यांच्याकडं वळतो. त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा कणा एकच असतो, आधी कोण बोललं.

कॅनडातलं पॉल बर्नार्डो आणि कार्ला होमोल्का हे जोडपं घ्या. 1991-92 मध्ये दोन किशोरवयीन मुलींचे खून, आणि त्याआधी कार्लाच्या स्वतःच्या धाकट्या बहिणीचा मृत्यू. नवऱ्याच्या मारहाणीनं डोळे काळेनिळे झालेली कार्ला पोलिसांकडं बोलायला लागली आणि 1993 मध्ये सरकारी पक्षानं तिच्याशी सौदा केला, साक्ष द्यायची आणि सदोष मनुष्यवधासाठी 12 वर्षांची शिक्षा घ्यायची. पोलिसांनी 70 हून जास्त दिवस ते घर झाडलं होतं, पण घरातल्या व्हिडिओ टेप त्यांना सापडल्या नव्हत्या. त्या नवऱ्याच्या वकिलानं काढून नेल्या होत्या आणि वर्षाहून जास्त काळ स्वतःजवळ ठेवल्या होत्या. टेप पोलिसांच्या हाती आल्या तेव्हा तिचा सहभाग तिनं सांगितला त्यापेक्षा कितीतरी मोठा दिसला. करार झालेला होता. 2005 मध्ये ती सुटली. मारहाण खोटी नव्हती, पण मार खाणारी बाई दुसऱ्याचा जीव घेण्यात मनापासून सामील असू शकते, हे तपास करणाऱ्यांना सुचलंच नाही.

आपल्या महाराष्ट्रात बाजू उलटी झाली. अंजनाबाई गावित आणि तिच्या दोन मुली, रेणुका शिंदे आणि सीमा गावित, यांचं प्रकरण सगळ्यांना माहीत आहे. 1990 ते 1996 या काळात 13 मुलं पळवली, चोरी करताना आडोसा म्हणून वापरली, आणि नकोशी झाली की मारली. वरच्या कोर्टात 5 खून टिकले. या टोळीत रेणुकाचा नवराही होता आणि तो माफीचा साक्षीदार झाला, म्हणजे माफीच्या बदल्यात साथीदारांविरुद्ध साक्ष द्यायला उभा राहिला, हे मात्र लोक विसरतात. त्याच्या साक्षीवर खटला उभा राहिला. बहिणींना 2001 मध्ये कोल्हापूरच्या सत्र न्यायालयानं फाशी सुनावली, 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली, आणि दयेच्या अर्जावर सरकारनं फार उशीर लावला म्हणून जानेवारी 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तिची जन्मठेप केली. नवरा तेव्हाच मोकळा झालेला होता. त्याच्याशिवाय हे खून सिद्ध झाले नसते, हे फौजदारी वकील म्हणून मला कळतं. तरीही तीन बायकांचीच नावं लोकांच्या तोंडी राहिली आणि चौथा माणूस गोष्टीतून पुसला गेला, हे मला बरोबर वाटत नाही.

इथं एक कायद्याचा बारकावा आहे. लग्न चालू असताना नवरा-बायको एकमेकांना जे सांगतात ते दुसऱ्याच्या संमतीशिवाय कोर्टात उघड करता येत नाही. जुन्या पुरावा कायद्याचं कलम 122, आता साक्ष अधिनियमाचं 128. पण सांगितलेलं वेगळं आणि पाहिलेलं वेगळं. राम भरोसे खटल्यात 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही रेघ ओढली. नवरा छपरावरून खाली उतरताना बायकोनं पाहिला, हे तिला सांगता येतं. उतरल्यावर तो तिला काय म्हणाला, ते नाही. म्हणून जोडीदारातला एक जण साक्षीदार झाला की माझं अर्धं काम एकच असतं. त्याच्या प्रत्येक वाक्याला विचारायचं, हे तू डोळ्यांनी पाहिलंस की तिच्या तोंडून ऐकलंस?

मराठवाड्यात हा विषय निघाला की मानवत येतंच. 1972 चा दुष्काळ. नोव्हेंबर 1972 पासून जानेवारी 1974 च्या सुरुवातीपर्यंत परभणी जिल्ह्यातल्या त्या छोट्या गावात लहान मुलींचे आणि बायकांचे खून होत राहिले. गुप्तधनासाठी आणि मूल होण्यासाठी बळी, असा आरोप. मुंबई क्राइम ब्रँचचे रमाकांत कुलकर्णी तपासाला आले. कटाचे सूत्रधार म्हणून गावातला एक वजनदार पुढारी आणि त्याच्यासोबत राहणारी पारधी समाजातली बाई, असं जोडपं उभं केलं गेलं. माझ्या आजीच्या पिढीच्या तोंडी आजही तेच दोघं खुनी आहेत. प्रत्यक्षात ते दोघं वरच्या कोर्टात निर्दोष सुटले. 1977 चा 'दगडू विरुद्ध महाराष्ट्र राज्य' हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आम्ही आजही कोर्टात वाचून दाखवतो. माफीचा साक्षीदार कितीही रंगवून सांगो, ज्याच्याविरुद्ध सांगतोय त्या प्रत्येक आरोपीला जोडणारा स्वतंत्र दुजोरा हवा. टोळीला मिळून एकच दुजोरा चालत नाही. तपासात झालेल्या छळाबद्दलही न्यायालयानं पोलिसांना कडक शब्दांत सुनावलं. त्या काळात अख्खा पारधी समाज संशयाखाली आला. इंग्रजांनी 1871 च्या कायद्यानं ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं त्या जमातींचा तो शिक्का 1952 ला कागदावरून गेला, पण ठाण्याच्या डोक्यातून गेला नव्हता. म्हणून मानवतची गोष्ट कुणी 'नरबळी देणारं जोडपं' अशा नावानं सांगायला लागलं की मी थांबवतो. सुटलेल्या माणसांना खुनी म्हणायचा हक्क आपल्याला कुणी दिला नाही.

वस्तूंनी जोडपं कसं वेगळं केलं, याचं मला सगळ्यात पटलेलं उदाहरण इंग्लंडमधलं आहे. ग्लॉस्टरच्या फ्रेड आणि रोझमेरी वेस्टच्या घरात 1994 मध्ये खोदकाम झालं आणि सांगाडे निघाले. फ्रेडनं बायकोचा काही संबंध नाही असं सांगितलं, आणि 1 जानेवारी 1995 ला तुरुंगात गळफास घेतला. बोलणारा गेला, आता बायकोवर सिद्ध काय करणार? फ्रेडच्या पहिल्या बायकोची मुलगी शारमेन, तिचा खून कधी झाला हा प्रश्न आला. तज्ज्ञांनी मुलीचा 1971 च्या वसंतातला हसरा फोटो घेतला, त्यातले अर्धवट उगवलेले दात कवटीतल्या दातांशी ताडले, आणि फोटोनंतर किती दिवसांत मृत्यू आला असेल ते काढलं. तो काळ असा होता की फ्रेड दुसऱ्याच गुन्ह्यात तुरुंगात होता, 24 जून 1971 ला सुटला. नोव्हेंबर 1995 मध्ये रोझमेरी 10 खुनांत दोषी ठरली. 'माझ्या बायकोचा संबंध नाही' हे नवऱ्याचं वाक्य एका लहान मुलीच्या दातांनी खोडलं.

आता ताईंच्या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग, धाक. आपल्या कायद्यात जिवाच्या धमकीखाली केलेल्या बऱ्याच कृत्यांना माफी आहे, पण खुनाला नाही. जुनं दंड संहितेचं कलम 94, आता न्याय संहितेचं 32. नवऱ्यानं गळ्यावर सुरी ठेवून 'धर त्याचे पाय' म्हटलं आणि बायकोनं धरले, तरी खुनातून सुटका या कलमानं होत नाही. लोकांना हे माहीत नसतं. पण धाक हा बचाव नसला तरी निरुपयोगी नसतो. समान उद्देश होता का, म्हणजे मारायचं दोघांच्याही मनात होतं का, हे सरकारी पक्षालाच सिद्ध करायचं असतं. मारहाणीचा जुना दवाखान्याचा कागद, माहेरी निघून गेल्याच्या तारखा, महिला तक्रार केंद्रातला अर्ज, हे सगळं मी त्यासाठी गोळा करतो. नुसतं घरात हजर असणं म्हणजे सामील असणं नव्हे.

खून झाल्यानंतरचं वागणं हे वेगळं खातं, आणि बायका बहुतेक वेळा याच खात्यात अडकतात. गुन्हेगाराला आसरा देणं हा गुन्हा आहे, पण आसरा देणारा त्याचा नवरा किंवा बायको असेल तर तो गुन्हा होत नाही, अशी सूट कायद्यातच आहे. पळून आलेल्या नवऱ्याला दार उघडा, जेवू घाला, माळ्यावर झोपवा, कायदा त्यासाठी तुम्हाला शिक्षा करत नाही. रक्त पुसलं की मात्र पुरावा नष्ट करण्याचं दंड संहितेचं कलम 201, आताचं न्याय संहितेचं 238, आणि तिथं नवरा-बायको म्हणून कसलीही सूट नाही. एका भाकरीच्या आणि एका घागरीच्या अंतरावर गुन्हा सुरू होतो. शेतातल्या बाईला हे कुणी कधी सांगितलेलं असतं?

घरात दोघंच असताना काय, याचं उत्तर जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 106 मध्ये आहे, आता साक्ष अधिनियमाच्या 109 मध्ये. जी गोष्ट फक्त तुम्हालाच माहीत असू शकते तिचा खुलासा तुम्ही द्यायचा. आपल्या महाराष्ट्रातल्या त्रिमुख किरकन खटल्यात घरच्यांनी सून साप चावून मेली असं सांगितलं होतं. शवविच्छेदनात गळा दाबल्याचं निघालं. घराच्या चार भिंतींत मरण आलं आणि खुलासा खोटा ठरला, तर तो खोटेपणा साखळीतली एक कडी धरता येतो, असं 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं. साप म्हणजे आपल्या भागात सहज खपणारा खुलासा, म्हणून मला हा निकाल जवळचा वाटतो. पण पोलीस हे कलम जादूच्या कांडीसारखं वापरायला जातात, ते चूक. बाकीची साखळी आधी सरकारी पक्षानंच उभी करायची असते. नोएडाच्या डॉक्टर जोडप्याला मुलीच्या खुनात 2013 मध्ये जन्मठेप झाली, आणि पुराव्याची साखळी पुरी होत नाही म्हणून 2017 मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं दोघांना सोडलं. आई-बापच घरात होते, यावर भर देऊन झालेल्या निकालानं मधली चार वर्षं त्यांनी तुरुंगात काढली.

जोडप्याचा गुन्हा म्हटला की रात्र, रक्त आणि विहीरच डोळ्यापुढं येते. माझ्या जिल्ह्यातलं सगळ्यात गाजलेलं गुन्हेगार जोडपं दिवसाढवळ्या पाटी लावून बसायचं. परळी वैजनाथचे डॉ. सुदाम मुंडे आणि डॉ. सरस्वती मुंडे. मे 2012 मध्ये त्यांच्या दवाखान्यात बेकायदा गर्भपातात एका बाईचा जीव गेला, तिला आधीच्या चार मुली होत्या. फरार होऊन दोघं पुढं हजर झाले. फेब्रुवारी 2019 मध्ये बीडच्या कोर्टानं दोघांना 10 वर्षांची सक्तमजुरी दिली, आणि मृत बाईच्या नवऱ्यालाही दोषी धरलं. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं 807 मुली होत्या, राज्यात सगळ्यात कमी. जामिनावर असताना मुंडे 2020 मध्ये पुन्हा दवाखाना चालवताना सापडला. ताई, हे प्रकरण हेडफोनवर रंगत नाही, कारण त्यात पाठलाग नाही, रहस्य नाही. गावोगावची शहाणीसुरती माणसं पैसे मोजून त्या दारात रांग लावत होती. नवरा-बायको मिळून माणूस कसा मारतात हे ज्याला खरंच समजून घ्यायचं असेल त्यानं आधी हा निकाल वाचावा.

कुणाच्या ओळखीत असा प्रसंग आलाच तर एक सांगतो, आणि हे कळकळीनं सांगतो. दोघांना एकच वकील देऊ नका. नातेवाईक माझ्याकडं येतात, एकच फी, एकच वकालतनामा, "दोघांचं एकदमच बघा साहेब" म्हणतात. मी नकार देतो. एकाचा बचाव बहुतेक वेळा दुसऱ्याच्या विरोधात जातो, आणि वकिलाची फी जो देतो त्याचाच बचाव मग पुढं रेटला जातो. फी देणारे सासरचे असतात. त्या बाईला पैसे नसले तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तो तिचा हक्क आहे, तुरुंगातूनही अर्ज करता येतो.

गोधडीच्या खटल्यात नवऱ्याला जन्मठेप झाली. बायकोनं पहार उचलली किंवा उचलायला सांगितली असा कसलाही पुरावा नाही म्हणून खुनातून ती सुटली. माझा आईच्या लुगड्याचा युक्तिवाद न्यायाधीशांनी 201 साठी मान्य केला नाही. डाग दिसत असताना धुतली, एवढं त्यांना पुरलं. तीन वर्षं शिक्षा. कच्ची कैदी म्हणून तिनं त्याहून दोन महिने जास्तच काढले होते, म्हणून त्याच संध्याकाळी सुटण्याचा हुकूम निघाला.

व्हरांड्यात महिला पोलिसाच्या शेजारी उभी राहून तिनं मला विचारलं, "साहेब, गोधडी भेटंल का?"

निकालपत्राच्या शेवटच्या परिच्छेदात मुद्देमालाचा हुकूम असतो. पहार, मातीचे नमुने, मयताचे कपडे आणि एक जुनी गोधडी, निरुपयोगी असल्यानं अपिलाची मुदत संपल्यावर नष्ट करावी. मी तिच्या नावानं अर्ज दिला. नवऱ्याचं अपील औरंगाबाद खंडपीठात दाखल आहे, त्यामुळं ते निकाली निघेपर्यंत मुद्देमाल हलवता येत नाही, असा शेरा पडला. गोधडी अजून मुद्देमाल खोलीत आहे, कापडी पिशवीत, वर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी.